लिफ्ट किट थांबू दे, आधी बुश बघा

वाचकाचं पत्र, थोडक्यात: «सोळा वर्षं जुनी, २ लाख १० हजार किलोमीटर चाललेली डिझेल एसयूव्ही नुकतीच घेतली आहे. चासीवर बॉडी, फोर-व्हील ड्राइव्ह, पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन, मागे सॉलिड अ‍ॅक्सल. गाडी उंच करणारी तीन इंची लिफ्ट, २६५/७५ आर १६ चे टायर (कंपनीचे २३५/७० आर १६ आहेत), लोखंडी बंपर, एलईडी दिवे आणि स्नॉर्केल असं सगळं एकदम बसवून घ्यायचं ठरवलंय. रोज कामाला हीच गाडी, वर्षातून तीन-चारदा कच्च्या रस्त्यावर. ८०-९० च्या वेगाला गाडी थोडी थरथरते आणि इंजिनखाली तेलाचे थेंब दिसतात, बाकी ठणठणीत आहे. एक मित्र म्हणतो, बाहेरचे पार्ट म्हणजे कचरा, कंपनीचेच लाव. पण निम्मे पार्ट कंपनीकडे मिळतच नाहीत. सुरुवात कुठून करू?»

नमस्कार.

तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे: ८०-९० ला थरथरते, तेलाचे थेंब पडतात, «बाकी ठणठणीत». थरथरणाऱ्या गाडीला मोठे टायर आणि लिफ्ट लावली, की पुढे ती थरथर जुनी होती की नवी हे कुणालाच सांगता येत नाही. मेकॅनिक म्हणेल टायरमुळे, टायरवाला म्हणेल लिफ्टमुळे, लिफ्टवाला म्हणेल गाडीच जुनी. तिघांचंही थोडं थोडं खरं असेल आणि खर्च मात्र तुमचा होत राहील. म्हणून बाहेरचा एकही पार्ट मागवण्याआधी ही थरथर शोधा.

पद्धत अवघड नाही. मोकळा, सरळ रस्ता बघून गाडी त्या वेगाला न्या, थरथर सुरू झाली की न्यूट्रल करा. इंजिन चालूच ठेवा. बंद केलंत तर पॉवर स्टिअरिंग आणि ब्रेकचा बूस्टर दोन्ही जातील. न्यूट्रलमध्येही थरथर तशीच राहिली तर दोष चाक, टायर किंवा प्रोपेलर शाफ्टमध्ये (गिअरबॉक्सकडून चाकांकडे ताकद नेणारा दांडा) आहे. हातात स्टिअरिंग हलत असेल तर पुढची चाकं आधी बघा, सीट आणि फरशी हलत असेल तर मागची चाकं आणि प्रोपेलर. फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर येते आणि पाय काढला की जाते, असं असेल तर प्रोपेलरचे क्रॉस (शाफ्टच्या टोकांचे वळणारे सांधे) किंवा इंजिन-गिअरबॉक्सचं माउंटिंग संशयित. ब्रेक मारल्यावरच येत असेल तर डिस्क बघा.

क्रॉस तपासायला गाडी सपाट जागी उभी करा, चाकांना अडण लावा, गिअर आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) दोन्ही न्यूट्रल, आणि खाली जाऊन शाफ्ट दोन्ही हातांनी पिळून बघा. क्रॉसमध्ये हाताला जाणवेल एवढा खेळ असेल तर तो बदलायचाच. शाफ्ट उतरवण्याआधी स्लिप जॉइंटच्या (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा दातेरी सांधा) दोन्ही बाजूंना रंगाची खूण करायला सांगा. एक-दोन दात इकडेतिकडे बसला, तर नवे क्रॉस टाकूनही गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते.

आता तेल. गळतंय म्हणजे गॅस्केट गेलं असं सरसकट धरू नका. इंजिनच्या ब्रीदरची नळी किंवा व्हॉल्व्ह काजळीने तुंबला, की आतली हवा बाहेर पडायला वाट मिळत नाही. दाब वाढतो आणि तेल जिथून कमकुवत जागा मिळेल तिथून ढकललं जातं. अशा इंजिनला नवी सील टाकली तरी थोड्या दिवसांत तीही पाझरते. आधी ब्रीदर साफ करा, इंजिन धुऊन पुसून घ्या, दोन-तीनशे किलोमीटर चालवा आणि मग ओल कुठे सुरू होते ते वरून खाली बघत या. तेल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत मागे उडतं, त्यामुळे थेंब जिथे पडतो तिथे गळती क्वचितच असते.

याच टप्प्यावर, गाडी वर घेतलेली असताना, चासी नीट बघून घ्या. हातोडीने हलकं ठोकत जा. चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, कुजलेल्याचा बद्द. मागच्या सस्पेन्शनच्या माउंटिंगच्या जागा, बॉडी माउंट आणि मागे जाणारे ब्रेकचे पाइप या तीन ठिकाणी गंज जास्त लपतो. गंजावर रबरी अंडरकोट मारून घेण्याचा मोह टाळा. वरून काळंभोर, छान दिसतं आणि त्याच्या आड ओल अडकून लोखंड आतून खात राहते. मेणाचं किंवा लॅनोलिनचं कोटिंग दिसायला कळकट, पण जुन्या गाडीला तेच बरं.

आधीच्या मालकाने काय केलं होतं याचा भरवसा नसतो, त्यामुळे सगळी द्रवं बदलून शून्यापासून मोजायला सुरुवात करा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ च्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू कमीत कमी २३० अंश सेल्सियस असावा लागतो. ओल शोषलेल्या तेलासाठी तीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. लांब उतारावर भारी गाडीचा ब्रेक पेडल अचानक स्पंजासारखा होतो, तो या फरकामुळे. दर दोन वर्षांनी तेल बदला, आणि डॉट ५ चुकूनही घालू नका. ते सिलिकॉनचं असतं, तुमच्या यंत्रणेचं नाही. गिअरबॉक्सला मॅन्युअलमध्ये जीएल-४ दर्जाचं तेल लिहिलं असेल तर जीएल-५ «जास्त भारी» म्हणून टाकू देऊ नका. त्यातली गंधक-फॉस्फरसची मात्रा डिफरन्शिअलच्या दातांना हवी असते, पण गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या) ती झिजवू शकते. इंजिनला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याचा कागद नसेल, तर तो बदललेलाच नाही असं समजा. सोबत वॉटर पंप, टेन्शनर आणि आयडलरही घ्या. बेल्ट तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो, आणि मग बंपरचा विषयच उरत नाही.

मग बुश, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतले रबरी तुकडे. सोळा वर्षांचं रबर, गाडी कितीही कमी चालली असली तरी, सोळा वर्षांचंच असतं. लोअर आर्म, अप्पर आर्म, स्टॅबिलायझर, मागचे ट्रेलिंग आर्म आणि पॅनहार्ड रॉड (मागचा अ‍ॅक्सल बाजूला सरकू न देणारी सळई) यांचे बुश फाटलेले असतील तर जगातलं उत्तम शॉकही त्या गाडीला सरळ चालवू शकत नाही. बदलताना एक गोष्ट मेकॅनिकला आधीच बजावा: बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर, गाडीचा पूर्ण भार सस्पेन्शनवर, मग टॉर्क. कारण रबरी बुश आतल्या नळीला चिकटलेला असतो आणि पिळला जाऊनच काम करतो. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली आल्यापासून तो कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. नवे बुश वर्षात गेले म्हणून पार्टला दोष दिला जातो, तेव्हा पुष्कळदा कारण हे असतं. पॉलियुरेथेनचे बुश घेऊ का, असा प्रश्न पुढे पडेलच. रोजच्या गाडीला रबरच घ्या. पॉली कडक असतं, वेळोवेळी ग्रीस मागतं, नाहीतर कुरकुरतं.

एवढं झाल्यावर महिनाभर गाडी नुसती वापरा. पुष्कळांची अर्धी यादी इथेच गळते, कारण जी गाडी «म्हातारी झाली, काहीतरी करायला हवं» वाटत होती ती मुळात नीट चालायला लागलेली असते.

मित्राचं म्हणणं आता घेऊ. गाडी बनवणारी कंपनी क्लच, शॉक, बेअरिंग, इंजेक्टर, सेन्सर यांतलं बरंचसं स्वतः बनवत नाही. ते आयसिन, केवायबी, एनटीएन, एसकेएफ, टिमकेन, बॉश, डेन्सो अशा कंपन्यांकडून येतं आणि गाडीच्या कंपनीच्या खोक्यात बसतं. तोच पार्ट बनवणाऱ्याच्या स्वतःच्या खोक्यातही मिळतो. कधी कधी तर त्यावरचं गाडीच्या कंपनीचं चिन्ह घासून काढलेलं दिसतं. म्हणजे «कंपनीचा की बाहेरचा» हा प्रश्नच अपुरा आहे. तुमचा जुना पार्ट उतरवल्यावर त्यावर कुणाचं नाव कोरलंय ते बघा आणि त्यांचाच शोधा. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या. नुसतं «असाच दिसतो» म्हणून आणू नका, एकाच मॉडेलमध्ये वर्षाच्या मध्येच पार्ट बदललेले असतात.

कुठे काय चालतं याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. शॉक आणि स्प्रिंगमध्ये चांगला आफ्टरमार्केट (बाहेरचा) माल कंपनीच्या मालापेक्षा सरस असू शकतो, कारण कंपनीने ते रिकामी गाडी आणि गुळगुळीत रस्ता डोळ्यांपुढे ठेवून निवडलेले असतात. ब्रेक पॅडमध्येही उत्तम पर्याय आहेत. पॅडच्या कडेला बरेचदा दोन अक्षरं छापलेली असतात, एफएफ, जीजी अशी. पहिलं अक्षर थंड पॅडचं घर्षण सांगतं, दुसरं तापलेल्याचं. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याहून वर. एफई लिहिलेला पॅड तापल्यावर पकड गमावणार, हे विकणारा सांगणार नाही पण पॅड सांगतो. आर९० ची (बदली पॅडसाठीच्या युरोपीय नियमाची) मोहर असेल तर आणखी चांगलं.

सेन्सर, सील आणि डिझेल फिल्टर यांत मात्र स्वस्ताई नको. तुमच्या गाडीच्या वयाच्या कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून जास्त दाबाने इंधन देणाऱ्या) डिझेलमध्ये इंधनाचा दाब दीड हजार बारच्या आसपास किंवा वर असतो, आणि अशा दाबाला फिल्टरमधून सुटलेले बारीक कण इंजेक्टरचं तोंड खरवडून काढतात. फिल्टरमध्ये वाचवलेले पैसे इंजेक्टर व्याजासकट वसूल करतो. आणि प्रसिद्ध नावाच्या खोक्यात नेहमीच्या निम्म्या किमतीत काही मिळालं तर ते नावच नकली असण्याची शक्यता जास्त. नकली माल अनोळखी ब्रँडचा कुणी करत नाही.

आता तुमची यादी.

टायरपासून सुरू करतो, कारण लिफ्टचा निर्णय त्यावर ठरतो. तुमच्या मूळ टायरचा व्यास साधारण ७३५ मिलिमीटर. २६५/७५ चा ८०४. म्हणजे ९ टक्क्यांहून थोडा जास्त. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा तुम्ही ८७ च्या वर असाल. ओडोमीटर १० हजार दाखवेल तेव्हा गाडी जवळपास १० हजार ९०० चाललेली असेल, म्हणजे सर्व्हिसही उशिरा होत जाणार. प्रत्येक गिअर तेवढाच लांब होतो, चढावर क्लच जास्त घासतो. आणि ब्रेकला तितकंच थांबवायला ९ टक्के जास्त जोर लावावा लागतो, त्यात टायरचं वाढलेलं वजन धरलेलंच नाही. हे सगळं सोसून डिफरन्शिअलखालची जागा किती वाढते? व्यासातल्या फरकाच्या निम्मी, ३४ मिलिमीटर.

लिफ्टने तर तीही वाढत नाही! हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. मागे सॉलिड अ‍ॅक्सल आहे, म्हणजे डिफरन्शिअल चाकांच्या पातळीलाच बांधलेलं. त्याच्या पोटाखालची जागा फक्त टायर वाढवतो. लिफ्टने बॉडी आणि चासी वर जाते, चढणीला बंपर टेकायचा कमी होतो, मोठ्या टायरला जागा होते. उपयोग आहे, पण तो वेगळा.

तीन इंच, म्हणजे सुमारे ७५ मिलिमीटर, पुढच्या इंडिपेंडंट सस्पेन्शनला जास्तच आहे. पुढच्या अ‍ॅक्सलचे सीव्ही जॉइंट (चाकांना फिरवणारे सांधे) तिरके होतात, त्यांचे रबरी बूट घड्यांतून फाटतात, बॉल जॉइंट त्यांच्या शेवटच्या कोनाला जातात, आणि मूळ अप्पर आर्मवर कॅम्बर-कॅस्टर (चाकांचे कोन) जुळत नाही. मग वेगळे अप्पर आर्म, डिफरन्शिअल खाली घेण्याचे स्पेसर, आणि असंच. मागे प्रोपेलरचा कोन वाढतो आणि जी थरथर आपण आत्ता काढली ती परत येते. पॅनहार्ड रॉडमुळे मागचा अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो, ब्रेकचे होज पाइप ताणले जातात. पन्नास मिलिमीटरच्या आत राहिलात तर यातलं बरंचसं टळतं. तुमच्या वापराला ४० ते ५० मिलिमीटर पुष्कळ. तेही नवे स्प्रिंग आणि त्यांच्या जोडीचे शॉक लावून. जुन्या थकलेल्या स्प्रिंगवर नुसता स्पेसर ठेवून नको.

एक पार्ट मात्र आवर्जून बघा, कारण लिफ्ट बसवणारे तो हटकून विसरतात. तुमच्या गाडीच्या वयाच्या बऱ्याच एसयूव्हींत मागच्या अ‍ॅक्सलला एका सळईने जोडलेला व्हॉल्व्ह असतो, लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. गाडीत सामान भरलं की मागचा भाग खाली बसतो, सळई हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला जास्त दाब देतो. लिफ्ट केल्यावर अ‍ॅक्सल आणि चासीतलं अंतर कायमचं वाढतं. व्हॉल्व्हला वाटतं गाडी अगदी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक कमी करून टाकतो. पाच माणसं आणि सामान भरलेलं असतानाही. सळईचा ब्रॅकेट जेवढी लिफ्ट तेवढा सरकवायला हवा, आणि तो सरकवलाय का ते तुम्ही स्वतः खाली वाकून बघा.

टायरसाठी २४५/७० आर १६ ऑल-टेरेन घ्या. व्यास ७४९, मूळपेक्षा जेमतेम २ टक्के जास्त. पकड आणि बाजूच्या भिंतीची मजबुती, जी कच्च्या रस्त्याला खरी लागते, ती मिळते आणि बाकी काही बिघडत नाही. पाचही एकाच मापाचे, स्टेपनीसुद्धा. पुढे-मागे वेगळ्या व्यासाचे टायर ठेवून फोर-व्हील लावली तर ट्रान्सफर केस पिळली जाते. घेताना टायरवरच्या तारखेचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, गाडी भरलेली असताना, कुठे घासतंय का ते बघा.

लोखंडी बंपरबद्दल मला फारसं प्रेम नाही. मॅन्युअलमध्ये गाडीचं एकूण परवानगीचं वजन आणि रिकामं वजन बघा. समजा दोघांत ६०० किलोंचा फरक आहे. पाच माणसांचे ३५० गेले, २५० उरले. बंपर ५०, त्यावर विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र) ३०, टपावर रॅक ३०, रॅकवर सामान ६०. उरले ८०, आणि डिकी अजून रिकामी आहे. शिवाय बंपर आणि विंचचे ८० किलो पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतात, त्यामुळे प्रत्यक्षात त्यांचा भार जास्तच जाणवतो. एअरबॅग असेल तर टकरीचा हिशेब बदलतो, तो वेगळाच. तुमच्या तीन-चार फेऱ्यांसाठी इंजिनखालची चांगली गार्ड प्लेट आणि पुढे-मागे चासीला बोल्ट केलेले पक्के रिकव्हरी हुक पुरेत. कंपनीने वाहतुकीत बांधायला दिलेली कडी ओढायला वापरू नका. ती उखडली तर गोळीसारखी येते. तरीही बंपर घ्यायचाच असेल तर स्प्रिंग मागवण्याआधी ठरवा. किती कायमचं वजन पुढे राहणार त्यावर स्प्रिंग निवडतात, आणि जड स्प्रिंग हलक्या गाडीला दणके देते.

दिव्यांचं काम सोपं आहे आणि समाधान सर्वांत जास्त. हेडलाइटमध्ये एलईडी बल्ब घालू नका. आतला आरसा हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेसाठी बनवलेला आहे, एलईडीचा प्रकाश त्यातून विस्कटतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो. आधी इंजिन चालू ठेवून बॅटरीवर आणि हेडलाइटच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. जुन्या वायरिंगमध्ये एक-दीड व्होल्ट वाटेतच हरवलेला आढळतो. हॅलोजनला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड जवळपास ३० टक्के घटतो. बॅटरीवरून जाड वायर, रिले, फ्यूज आणि स्वच्छ अर्थिंग दिलं, पिवळी पडलेली काच पॉलिश केली, की त्याच बल्बचा उजेड ओळखू येत नाही. जादा दिवे लावलेच तर १२० वॅटच्या एका दिव्याला १० अँपिअर लागतात हे धरून १५ चा फ्यूज, आणि तो बॅटरीच्या जवळ. दिव्याजवळ लावलेला फ्यूज मधली वायर घासून जळायला लागली तर काहीच वाचवत नाही. लिफ्टनंतर हेडलाइटचा कोन खाली घ्यायचा, हेही त्यातच.

स्नॉर्केल तुम्हाला नको. ते फक्त इंजिनच्या हवेचं तोंड उंच करतं. खोल पाण्यात जायचंच असेल तर आधी अ‍ॅक्सलच्या ब्रीदरच्या नळ्या उंच न्याव्या लागतात. तापलेला अ‍ॅक्सल गार पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. डिफरन्शिअलचं तेल दुधाळ होतं. या नळ्यांचं काम स्नॉर्केलच्या मानाने किरकोळ आहे, आणि उथळ पाण्यालाही उपयोगी. तेवढं करून घ्या.

बदल करण्याआधी तुमच्याकडचे वाहनाचे नियम बघा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. एका वेळी एकच बदल करा, मधे काही आठवडे जाऊ द्या. वहीत तारीख, किलोमीटर आणि पार्ट नंबर लिहा. नवी चाकं बसली की शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा, आणि नवे स्प्रिंग हजारभर किलोमीटर चालून बसले की अलाइनमेंट पुन्हा करून घ्या. न्यूट्रलच्या चाचणीत काय निघालं ते मला कळवा. प्रोपेलर निघाला, तर शाफ्ट उतरवलाच आहे तर बॅलन्सही करून घ्या, आणि मधलं बेअरिंग असेल तर तेही त्याच दिवशी बदला.